वाफेवरचं मीठ

खुशालरावनं नावं ठेवली नाहीत असं एकही हॉटेल अकोल्यात उरलं नव्हतं. जुन्या शहरातल्या त्याच्या गल्लीपासून स्टेशनापर्यंत, आणि मोर्णेच्या पुलापलीकडे काचेची दारं लावून बसलेल्या नव्या रेस्टॉरंटांपर्यंत, जिथं म्हणून चूल पेटते तिथं हा माणूस एकदा जाऊन बसला, पोटभर जेवला आणि बाहेर येऊन पायरीवर थुंकला. थुंकला म्हणजे खरंच थुंकला. गल्ल्यावरच्या मालकाला नीट दिसेल असा, सावकाश.

स्टेशनाजवळच्या एका भोजनालयातली शेवभाजी खाऊन आला आणि म्हणाला, "शेव कालची, तर्री परवाची, अन् मालक कोणाच्या तरी तेरवीतून उरलेला." काचेच्या दाराच्या रेस्टॉरंटबद्दल म्हणाला, "अंधार कावून ठेवते मालूम हाये का? ताटात काय हाये ते दिसू नये म्हणून." अमरावतीला लेकीकडे, रागिणीकडे गेला, तर तिच्या सासऱ्यानं मोठ्या हौसेनं आणलेला दह्यातला गिला वडा त्यानं एक घास खाऊन बशीत ठेवला आणि विचारलं, "इवाईबुवा, इकडे दही म्हशीचं असते का चुन्याचं?" तिथूनच बायकोला घेऊन पुढं मोझरीला दर्शनाला गेला. समाधीपुढं हात जोडून डोळे मिटून बसला होता म्हणे. आणि परतीच्या वाटेवर ढाब्यावाल्याची डाळ पुन्हा पुन्हा परत पाठवून त्याला रडकुंडीला आणला.

खाटकांची गत त्याहून वाईट. एक म्हणे शेळीला बोकड म्हणून विकतो. दुसऱ्याचा माल रातचा आणि माशा तेवढ्या ताज्या. राहिला शेषराव खाटीक. त्याच्याकडूनच खुशालराव घेई, म्हणून त्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त. दर रविवारी ठोकळ्यासमोर उभं राहून हा एकेक घाव सांगायचा. "सीना दे. नल्ली अख्खी ठेव. ते चरबीचं बोट कलेजीसंग टाक. अबे, मटन कापून राहिला का सरपण फोडून राहिला?" मागं रांग उभी, उन्हानं लोक वैतागलेले, आणि शेषराव घाम पुसत हसून म्हणायचा, "हो भाऊ. बराबर हाये भाऊ."

तसा खुशालराव कोणी मोठा माणूस नव्हे. नदीकाठी वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवणारं घर. बापाचं भाजीबाजारात दुकान, मग याचं, आता पोरगा सागर तिथं बसतो. दुकान सुटलं तसा हा सकाळपासून स्वप्निलच्या चहाच्या टपरीवर बाकावर मांडी घालून बसायला लागला आणि कालच्या जेवणाचा पंचनामा करायला लागला. आणि लोक ऐकायचे, बाप्पा! टाळ्या द्यायचे. दुसऱ्याच्या ताटावर कोणी थुंकलं की मजा वाटते, खोटं कशाला बोला. अमक्या हॉटेलात जायचं की नाही, ते गल्ली त्याला विचारून ठरवायची. त्याच्या एका वाक्यानं लोकांच्या चुली थंड झाल्या, आणि त्याला ते ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असण्यानंच त्याला रात्री छान झोप लागायची.

घरी तर विचारूच नका. पार्बताबाईनं चाळीस वर्षं त्याला रांधून घातलं. पहिल्या वर्षी तिनं एकदा विचारलं होतं, "कसं झालं?" त्यानं ताटाला दोन बोटं लावली आणि ताट पुढं सरकवलं. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. पण रोज तो पहिला घास घेईपर्यंत ती स्वयंपाकघराच्या दारात पदर मुठीत धरून उभी राहायची. ताट सरकलं नाही तर समजायचं की बरं झालं असावं. 'बरं झालं' हा शब्द मात्र त्या घरात कधी कोणी ऐकला नाही.

आता एवढं सगळं असूनही या माणसाजवळ एक गोष्ट खरी होती. त्याचं नाक.

मरीमायच्या नवसाच्या बोकडाचा एक दंडक आहे. देवीला ताट दाखवल्याशिवाय गंजातलं, म्हणजे रश्शाच्या मोठ्या पातेल्यातलं, कोणी चाखायचं नाही. रांधणारीनं नाही, यजमानानं नाही. एखाद्या पोरानं नुसतं बोट घालून चाटलं तरी नैवेद्य बाटला. मग अख्ख्या बाजाराला पुरेल एवढा रस्सा, त्याचं मीठ पाहायचं कोणी आणि कसं? तर खुशालरावनं, वाफेवर. रश्शाला उकळी फुटली की तो गंजावर वाकायचा, हातानं वाफ तोंडाकडे ओढायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा: "मीठ बराबर." किंवा, "जरासं कमी." कसं कळे ते त्यालाही सांगता येत नसे, पण त्याचं चुकत नसे. जवानीत एकदा त्यानं वाफ घेऊन सांगितलं होतं, "बाई मीठ टाकालेच विसरली." बाई शपथा घ्यायला लागली. शेवटी मिठाचं पुडकं तसंच बांधलेलं तिच्या सामानात सापडलं. तेव्हापासून जुन्या शहरात कोणी बोकड बोलला की पहिला निरोप खाटकाला आणि दुसरा खुशालरावला.

आणि अशा बोकडांचा रस्सा रांधणाऱ्या बाया बऱ्याच होत्या, पण हात म्हणावा असा गल्लीत एकच, इंदूबाईचा. नवरा गेल्यावर तिनं टिनाच्या शेडमध्ये खानावळ टाकली होती. साधी खानावळ, पण बुधवारी-रविवारी तिच्या मटनासाठी पुलापलीकडून लोक यायचे. खुशालराव एकदा तिथं जेवला. रस्सा इतका जमला होता की नाव ठेवायला जागा नाही. मग काय म्हणावं त्यानं? हात धुतले, बाहेर आला आणि मोठ्यानं म्हणाला, "रस्सा बरा हाये. पण विधवेच्या हातचं दुःख उतरलं त्याच्यात. खाता खाता रडू येते."

लोक खो खो हसले. कितीतरी दिवस टवाळ पोरं खानावळीत शिरताना ओरडायची, "मावशी, एक प्लेट दुःख दे वं!" इंदूबाईनं ते गिळलं. पण एक दिवस टपरीवर सगळ्यांसमोर तिनं त्याला गाठलंच. "भाऊजी," ती म्हणाली, "बाकी लोकाले चव असते. तुमाले नाही. चांगल्याले चांगलं म्हणाले जे लागते ना, ते तुमच्यापाशी नाहीच." त्या दिवशी लोक तिच्या बाजूनं हसले. खुशालरावनं कोण कोण हसलं ते पाहून ठेवलं, आणि ती बाई मनात पक्की धरून ठेवली.

मग कोरोनाची दुसरी लाट आली आणि अख्खी गल्ली तापानं पडली. खुशालरावचं घरही पडलं. जगले सगळे, पण वास गेले, चवी गेल्या. टपरी पुन्हा उघडली तेव्हा लोकांना दुसरा विषयच नव्हता. कोणाला कांद्याचा वास येईना, कोणाला साबणाचा येईना. "काका, तुमचं कसं काय?" स्वप्निलनं चहा देता देता विचारलं. खुशालराव म्हणाला, "माह्यं नाक? कोरोना आत गेला, माफी मागून बाहेर निघाला." टपरी हसली.

खोटं होतं ते. ठार खोटं. त्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. पार्बताबाईचं नाक महिन्याभरात परत आलं, गल्लीतल्या बाकीच्यांचंही आलं, याचं आलं नाही. एका सकाळी सागर यायच्या आधी तो दुकानात एकटा होता. त्यानं सांभाराची जुडी तळहातावर चोळून नाकाशी धरली. मग लसणाच्या पाकळ्या ठेचल्या. घरी येऊन हिंगाची डबी उघडली, मिठाची चिमूट जिभेवर ठेवली. माती ठेवली असती तरी तेच. फक्त मिरची कळायची, कारण मिरची चव नाही, जाळ आहे. मोरीत जाऊन नळ सोडला आणि हा माणूस रडला. कोणाला दया येत असेल तर जरा दम धरा. डॉक्टरकडे तो गेला नाही, कारण डॉक्टरचा कंपाउंडर गल्लीतला होता.

त्यापेक्षा त्यानं लोकांची तोंडं वाचायला सुरुवात केली. हॉटेलात बसला की पहिला घास आपण घ्यायचा नाही. शेजारच्याचं पाहायचं. तो पाण्याकडे हात नेतो का, मिठाची डबी ओढतो का, कपाळाला आठी पडते का. मग आपण चार घास खायचे आणि बाहेर येऊन त्याच्या आठीवर आपली जीभ चालवायची. नाही काही कळलं तर सरळ शिवी द्यायची. नावं ठेवायला चव लागत नाही. चांगलं म्हणायला लागते. त्यामुळं तो आधीपेक्षा जहाल झाला, आणि लोक म्हणायला लागले की कोरोनानंतर खुशालभाऊंची जीभ अजून तेज झाली.

नवसाच्या गंजांचंही त्यानं निभावलं. वाफ घ्यायची, डोळे मिटायचे, आणि म्हणायचं, "मूठभर घाल." एवढ्या मोठ्या गंजात मूठभर मिठानं काय फरक पडतो? काहीच नाही. पण रांधणारी भेदरलेली असायची, तिला वाटायचं आपलंच चुकलं, ती पाया पडून मूठभर घालायची, आणि जेवताना लोक म्हणायचे, नाक ते नाक.

घरी मात्र वाचायला तोंड नव्हतं. पार्बताबाई त्याच्या मागून जेवायची, सागर दुकानावरून उशिरा यायचा. म्हणून घरी तो जपून राहू लागला. ताट सरकवणं बंद झालं. एक दिवस तर, धुळवडीला, मटनाचं ताट पुढं आल्यावर, तीन-चार घास झाल्यावर, तो म्हणाला, "जमलं." बोलून गेला आणि मान खाली घालून जेवत राहिला. त्यानंतर रोज म्हणू लागला. तेवढाच शब्द सोपा आणि बिनधोक. ती ताट उचलून आत न्यायची.

मागच्या उन्हाळ्यात उत्तमरावच्या घरी कित्येक वर्षांनी नातू झाला. उत्तमराव म्हणजे भाजीबाजारातला मोठा अडत्या, बाजार त्याच्या शब्दाबाहेर नाही. त्यानं मरीमायला बोकड बोलले होते. बार्शीटाकळीच्या वाटेवर त्याच्या शेतात देवीचं ठाणं आहे, तिथं मांडव पडला. बोकड शेषरावचे, रस्सा इंदूबाईचा. आणि इंदूबाईचं त्या दिवशी फार काही पणाला लागलेलं होतं. उत्तमरावचा भाऊ मंगल कार्यालय बांधत होता. उत्तमरावनं तिला चार लोकांत सांगितलं होतं, "बाई, या जेवणात नाव काढलं तं कार्यालयाचं रसोडं तुह्यं." टिनाच्या शेडमधून बाहेर पडायची तिची ती एकच वाट होती. पहाटेपासून तिनं कांदा-खोबरं भाजलं, पाट्यावर मसाला वाटला, मीठ तोलून घातलं. लांब पळीनं गंज ढवळायला शेषराव स्वतः उभा होता.

उकळी फुटली. "बोलवा खुशालभाऊले," उत्तमराव म्हणाला.

खुशालराव धोतराचा सोगा सावरत आला. मांडवातले लोक उठून गोळा झाले, बाया एका अंगाला उभ्या राहिल्या, त्यांत पार्बताबाईही होती. तो वाकला. वाफ ओढली. तोंडाला नुसती ऊब लागली. त्यानं डोळे मिटले, उघडले. इथं कोणाचं तोंड वाचणार? कोणी चाखलंच नव्हतं. मग नेहमीसारखं त्यानं रांधणारीच्या तोंडाकडे पाहिलं.

इंदूबाई घाबरलेली नव्हती. हात पुसत सरळ उभी होती. तिला माहीत होतं की मीठ बरोबर आहे, आणि हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. 'तुमाले चव नाही' म्हणाली होती तेव्हाही ती अशीच उभी होती. मूठभर घाल म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं, बोकडही, तीही आणि तोही. पण नाही.

"निम्मंच पडलं," तो म्हणाला. "जेवढं टाकलं तेवढंच अजून टाक."

"भाऊजी, तोलून टाकलं मी," इंदूबाई म्हणाली. "रस्सा खारट होईन. पुन्हा एक डाव वाफ घ्या. पाया पडते."

"तुले समजते तं मले कायले बोलावलं?" त्यानं उत्तमरावकडे पाहिलं. "हिच्याच अंदाजानं होऊ द्या मंग. देवीपुढं अळणी ताट जाईन, मले काय."

उत्तमरावचं तोंड उतरलं. नातवाचा नवस होता. "बाई, टाक म्हणलं तं टाक!" तो ओरडला.

तिनं टाकलं. पदरानं डोळे पुसत पुसत टाकलं. देवीला ताट दाखवलं, आरती झाली, पंगती बसल्या. पहिल्या पंगतीतल्या पहिल्या माणसानं घास घेतला आणि मातीत थुंकला. मग दुसऱ्यानं. मग सगळ्या मांडवात थू थू सुरू झालं, लहान पोरं रडायला लागली, उत्तमरावची सून नातवाला पोटाशी धरून म्हणायला लागली, "देवीले खारं घातलं वं माय, माह्या लेकराचं काय होईन!"

लोकांनी खुशालरावकडे पाहिलं. त्याची तयारी होती. "वाफ वरून येते, तळातून नाही," तो शांतपणे म्हणाला. "गंज ढवळलाच नसन. मीठ सारं तळाशी बसलं होतं, मले वर कुठून येईन? आळशी हाताचं काम हाये."

"ढवळला होता!" इंदूबाई ओरडली. "शेषरावभाऊ, तुमीच तं ढवळत होते. सांगा ना!"

शेषरावनं पळी खाली ठेवली. रविवारची रांग त्याच्या डोळ्यांपुढं आली, टपरी आली, 'याचा माल खाऊ नका' हे एक वाक्य आलं. "आता मले काय आठवते, बाई," तो म्हणाला. आणि झालं. लोकांनी ठेचा-भाकर खाल्ली, मटन खड्ड्यात ओतलं, आणि इंदूबाईला तिचे गंज उचलायला कोणी हात लावला नाही.

त्यानंतर नातवाला शिंक आली तरी उत्तमरावची सून इंदूबाईच्या नावानं बोटं मोडायची. कार्यालयाचं रसोडं दुसऱ्याला गेलं. खानावळीत टवाळ पोरांनी नवीन चाल धरली, "मावशी, मीठ तळाशी हाये का वर?" मग तीही यायची बंद झाली. पावसाळा लागायच्या आत तिनं शेड मोडली आणि अमरावतीला भावाकडे गेली. तिथं एका हॉटेलात भांडी घासते असं कळलं. जिच्या हातचं खायला लोक पूल ओलांडून यायचे, ती आता लोकांची उष्टी ताटं धुते. खुशालराव टपरीवर म्हणाला, "हाताले जमते तेच काम भेटलं." लोक हसले. हो, हसले.

ज्या दिवशी शेडचे टिन टेंपोत चढले, तो रविवार होता. पार्बताबाई दारात उभी राहून टेंपो वळेपर्यंत पाहत होती. मग आत आली, मटनाचं ताट वाढलं, आणि या वेळी दारात जाऊन उभी न राहता त्याच्या समोर खाली बसली.

"कसं झालं?" तिनं विचारलं.

चाळीस वर्षांनी हा प्रश्न आला म्हणून तो चमकला. "जमलं," तो म्हणाला.

"मीठ?"

"बराबर हाये."

"टाकलंच नाही," पार्बताबाई म्हणाली. "आजच नाही. किती दिवसांचं टाकून नाही राहिली तुमच्या ताटात."

खुशालरावचा हात ताटातच राहिला.

"धुळवडीले इसरली होती," ती म्हणाली. "तुमी ताट नाही सरकवलं. जमलं म्हणले. मी आतमंधी जाऊन डोळ्याले पदर लावला. काय वाटलं मले, काय सांगू! मंग जेवाले बसली, पहिला घास घेतला, अन् समजलं."

"मंग तवाच कावून नाही बोलली?"

"कायले बोलू? रोज जमलं म्हणून राहिले होते तुमी. खोटं तं खोटं. मले पायजे होतं ते." ती थांबली नाही. "तुमी गंजावर वाकले तवा मी बायांत उभी होती. मले मालूम होतं तुमाले काई येऊन नाही राहिलं. एक शब्द बोलली असती तं इंदू वाचली असती. नाही बोलली. तो शब्द बोलली असती तं माह्यं जमलं गेलं असतं. एवढ्यासाठी मी त्या बाईचा गळा कापू देला."

"पार्बता," तो म्हणाला. तिचं नाव त्यानं किती वर्षांनी घेतलं, देव जाणे. "कोणाले सांगू नको. मी तुह्या पाया पडतो."

पार्बताबाईनं दोन बोटं ताटाला लावली आणि ते त्याच्याकडे सरकवलं. "जेवा. अळणी हाये," ती म्हणाली. मग उठली, पायात चप्पल घातली आणि सरळ टपरीवर गेली. घराच्या आत बसून त्याला तिचा आवाज ऐकू येत होता. शब्द नीट कळत नव्हते. मग टपरीवर एकदम शांत झालं, तेही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर नेहमीपेक्षा जास्त लोक होते. शेषरावही दुकान सोडून आला होता. स्वप्निलनं खुशालरावच्या हातात कप दिला. "पाहा बरं काका, आज कसा झाला?"

त्यानं घोट घेतला. गरम होता. एवढंच कळलं. सवयीनं त्यानं भोवतालची तोंडं पाहिली, पण सगळी तोंडं कोरी होती. त्यांना आता माहीत होतं की तो काय वाचतो.

"साखर जराशी जास्त झाली," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. "पुढच्या टायमाले कमी टाकतो, काका," स्वप्निल म्हणाला आणि मिठाची बरणी उचलून फळीवर ठेवली, त्याला दिसेल अशी.

मग तो रोजचा खेळ झाला. कधी चहात मीठ, कधी हळद, एकदा नुसतं भांडं धुतलेलं पाणी. नियम एकच, हसायचं नाही. दूरच्या गल्लीतली पोरं सकाळी पाहायला येऊ लागली. शेषराव रविवारी त्याला न विचारताच काहीही तोडून देऊ लागला. एकदा वास मारणारं, कोणी हात न लावलेलं मटन त्यानं बांधून दिलं. "घ्या भाऊ, तुमच्यासाठी खास ठेवलं," असं म्हणाला, आणि मागच्या रांगेनं नाकाला रुमाल लावला. मांडवात ज्याला काही आठवत नव्हतं त्या शेषरावला आता सगळं आठवत होतं. गंज किती वेळ ढवळला तेही तो रंगवून सांगायचा. इंदूबाईला मात्र कोणी परत बोलावलं नाही. तिची माफी मागायची म्हणजे आपणही हसलो होतो हे कबूल करावं लागलं असतं. खुशालरावला चहा पाजणं सोपं होतं.

सागर एकदा म्हणाला, "बाबा, कायले जाता तिथं? लोक माकड करून राहिले तुमचं." खुशालरावनं टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

घरी पार्बताबाई आता आधी स्वतः जेवते. चुलीपाशी बसून, चवीनं. पहिला घास घेते आणि मोठ्यानं म्हणते, "वा! झकास झालं." मग हात धुते, त्याचं ताट त्याच्यापुढं ठेवते आणि आपल्या कामाला लागते. कसं झालं ते विचारत नाही. दारातही उभी राहत नाही.

तो जेवतो, हात धुतो, टोपी घालतो आणि टपरीवर जाऊन बाकावर बसतो. स्वप्निल कप पुढं करतो, लोक गप्प होतात. तिथं निदान त्याला कोणी विचारतं तरी.